अर्ध्या किमतीची गोळी

नागीण झाली म्हणून घाबरून बसलेल्या बायांसाठी हे लिहिते आहे. बाप्यांनी वाचलं तरी चालेल, त्यांनाही होते. मी डॉक्टर नाही. जुनी सातवी शिकलेली बाई, पोलादपूरच्या वर डोंगराला चिकटलेल्या एका वाडीत राहणारी. तेव्हा कोणतं औषध घ्यावं हे माझ्याकडे विचारायला येऊ नका. औषध कसं घेऊ नये, हे मात्र माझ्याइतकं चांगलं कोणी सांगणार नाही.

तोंड आणि शेपूट

आषाढ चालू होता. उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली आधी नुसती आग व्हायला लागली. वाटलं, मसाला कुटताना मिरचीचा हात लागला असेल. मग तिथे पाण्याच्या पुळ्या उठल्या, मुंग्या चालाव्यात तशा रांगेने. शेजारच्या जनाआक्काला दाखवलं. जनाआक्का म्हणजे आमच्या वाडीत बाळंतपण असो की मयत, पुढे होणारी बाई. तिने माझा पदर वर केला, बघितलं आणि मागे सरली. तिला मागे सरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"नागीण हाय गो," ती म्हणाली. "तोंड पाठीकडं हाय. शेपूट पुढं निघालंय."

आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं, अंगाला वेढा पूर्ण झाला, की माणूस राहत नाही. माझ्या चुलत सासूला अशीच झाली होती नि ती गेली. ती नव्वदीची होती, दम्याने आधीच अर्धी झाली होती, पण हे कोणी सांगत नाही. नागिणीने गेली एवढंच सांगतात.

पलीकडच्या वाडीतला एक म्हातारा गेरू लावून उतरवतो. त्याच्याकडे गेले. त्याने काहीतरी पुटपुटत गेरूचा लेप लावला, तेल-मीठ बंद केलं, आणि डॉक्टरकडे गेलीस तर उलटेल असं बजावलं. मी ऐकलं. घाबरलेलं माणूस जो शेवटी बोलेल त्याचं ऐकतं.

घरी आम्ही दोघंच. हे आणि मी. दोन्ही मुलगे मुंबईकडे. पाठ मला दिसेना म्हणून रोज सकाळी उजेडाला पाठ करून बसायचं आणि यांनी बघायचं.

"किती अंतर राहिलंय?"

"हाय वीतभर."

"काल पण वीतभरच बोललात."

"मग काय, उगाच कमी करून सांगू?"

यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने हवं तेवढंच येतं. पण त्या दिवसांत ते माझ्या पाठीशी बोटं धरून अंतर मोजायचे, आणि झालं की परत पहिल्यापासून मोजायचे. मला कातडीवर कळायचं. विचारायची छाती झाली नाही.

निदानाचा दिवस

शेवटी अंगाला वाराही सोसेना. झंपर तर सोडाच, मी यांची जुनी बनियन उलटी करून घालायला लागले, शिवण टोचू नये म्हणून. एसटीने महाडला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. गेरू पुसायला लावला आणि विचारलं, "किती दिवस झाले, आजी?"

"दोन-तीन," मी म्हटलं.

"पंधरवडा झाला," हे मोठ्याने म्हणाले. नको तेव्हा बरोबर ऐकू येतं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, ही अंगाला वेढा घालत नाही. एका नसेवर येते, एकाच बाजूला, आणि तिथेच संपते. तोंड-शेपूट काही भेटत नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय म्हणते ती?" यांनी विचारलं.

"म्हणते, मी मरणार नाय."

"मग रडतेस कशाला?"

पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. लवकर आला असतात तर वेगळं होतं, म्हणाल्या. आता पुळ्या सुकतील, डाग राहतील आणि नस दुखत राहील. किती दिवस? काही महिने. कोणाकोणाला वर्षं.

मरण नाही म्हणून रडले होते, आता डोळे कोरडे झाले. मरणाला एक दिवस असतो. याला शेवटच सांगत नव्हत्या.

नसेच्या दुखण्यासाठी गोळी लिहून दिली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मेडिकलमध्ये पाकीट समोर ठेवलं आणि किंमत सांगितली. यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढले, बघितले आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आमचा आठवड्याचा बाजार होऊन वर मासळी आली असती. सगळ्या गोळ्या घेतल्या नाहीत, थोड्याच घेतल्या. लाल-पांढऱ्या, चकचकीत पाकिटातल्या. गोळी कसली, दागिना होता.

खरी भीती

त्या दुखण्याचं वर्णन मला नीट करता येत नाही. तवा पाठीला लावून कोणी धरून ठेवलाय, आणि मधूनच त्याच जागी सुई ओढतंय. माशी बसली तरी जीव जायचा. एकदा आमच्या मांजरीने प्रेमाने अंग घासलं आणि मी तिला अशी शिवी दिली की ती दोन दिवस घरी आली नाही.

पण भीती दुखण्याची नव्हती, हे कबूल करते. थोरला विलास नालासोपाऱ्याला, धाकटा सुनील दिव्याला, स्टेशनापाशी. दोघांचंही एकेका खोलीचं घर, त्यात बायका-पोरं. दोघांनीही मनापासून सांगून ठेवलेलं, की तुमच्याने होईनासं झालं की घेऊन जाऊ. पण एका घरात दोन म्हातारी माणसं कुठे झोपणार? म्हणजे मी एकीकडे आणि हे दुसरीकडे. आमच्या वाडीतली तीन-चार जोडपी अशी वाटली गेली आहेत. बाई थोरल्याकडे, बाप्या धाकट्याकडे. गणपतीला गावी येतात तेव्हा पडवीत शेजारी बसतात, पाहुण्यांसारखी, काय बोलावं ते त्यांना सुचत नाही.

मी आजारी पडले, की आमची वाटणी होणार. एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून फोनवर मी ठणठणीत असायचे.

"कसं हाय आई?"

"मस्त हाय. खाज सुटते जरा."

फक्त एकदा चुकून तोंडातून गेलं, की गोळ्या फार महाग आहेत. विलास म्हणाला, "चिठ्ठीचा फोटो पाठव. आमच्या इथं एक दुकान हाय, तीच गोळी अर्ध्यात देतात." बनियनवर बसून फोटो काढला, पाठवला. विलासने रातराणी बसच्या ड्रायव्हरकडे पुडकं दिलं, सकाळी पोलादपूरच्या नाक्यावर आलं. आमच्याकडे मुंबईहून सगळं असंच येतं, चपला, औषधं, कधी कधी सूनही.

पुडकं उघडलं. साध्या पाकिटात साध्या पिवळट गोळ्या. ना चकाकी, ना रंग. आणि किंमत खरंच जवळजवळ निम्मी.

माझं गणित

आता माझी अक्कल बघा.

रेशनचा चहा फिका असतो, म्हणून आपण दोन चमचे टाकतो. बाजारची स्वस्त मिरचीपूड रंगाला उतरत नाही, म्हणून दुप्पट घालतो. पातळ दूध आलं तर पाणी कमी. चाळीस-पन्नास वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. मी पिवळट गोळी हातात घेतली, वजन केल्यासारखी, आणि ठरवलं: अर्ध्या किमतीची म्हणजे अर्ध्या ताकदीची. मग सकाळी दोन, संध्याकाळी दोन.

यांना सांगितलं नाही. मुलांना सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? मीठ किती घातलं हे कोण सांगत बसतं?

ही अक्कल माझी आजची नाही. पहिल्या वेळी पोटुशी होते तेव्हा सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या फुकट मिळायच्या. फुकटचं काय गुणाचं, म्हणून मी त्या रोज परसातल्या केळीच्या बुडाशी टाकायचे, आणि माहेरच्या पैशांतून महाडहून बाटली आणायचे. बाटलीवर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. रोज दोन चमचे प्यायचे आणि आरशात स्वतःचे गाल बघायचे, जशी काही राणीसाहेब. विलास जन्मला तो काडीसारखा. केळीला मात्र असा लोंगर आला की टेकू द्यावा लागला. सासूबाई जाईल त्याला तो लोंगर दाखवायच्या, "माझ्या सुनेचा हात लागलाय," म्हणून. मी मान खाली घालून उभी. लोकांना वाटायचं, काय लाजरी आहे!

तर ती मुलगी म्हातारी झाली, शहाणी झाली नाही.

दुप्पट गोळ्यांनी पहिले दोन दिवस फार बरं वाटलं. दुखणं लांब गेलं, जसं काही शेजारणीला दुखतंय. डोळे मात्र जड व्हायचे. भाकरी थापताना थापतच राहायचे. हे म्हणाले, "पीठ संपलं गो, आता काय परात थापतेस?" मी हसले. हसायला काय, तेव्हा कशालाही हसू येत होतं.

थाळी

इथून पुढचं सांगायचं तर आधी तळीयेचं सांगायला हवं.

तळीयेला दरड आली ते आमच्यापासून फार लांब नाही. त्यात आमच्या वाडीच्या सोयऱ्यांची माणसं गेली. तेव्हापासून आमच्यात ठरलंय, की पावसाळ्यात ज्याला डोंगराची शंका येईल त्याने थाळी वाजवायची. ऐकणाऱ्याने काही विचारायचं नाही, घर सोडायचं आणि खालच्या मैदानातल्या शाळेत जायचं. जेवणाचं ताट टाकून, दार उघडं टाकून. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात थाळीवर चमचासुद्धा कोणी जोराने आपटत नाही.

दुपारची वेळ. पाऊस धरला होता. मी पडवीतून लाकडं आणायला उठले आणि बघते तर समोरचा डोंगर डावीकडे सरकला. सावकाश. झाडांसकट. पायाखालची जमीनही हलली. कुडाचा आधार घेतला, तर कूडही सरकला.

मी थाळी घेतली आणि वाजवली.

किती जोराने वाजवली ते मला माहीत नाही. "डोंगर हलला!" असं ओरडत होते म्हणे. सगळी वाडी बाहेर. कोणी म्हातारीला पाठीवर घेतलंय, कोणी गुरांची दावी कापतंय, बाया पोरांना काखेत मारून चिखलातून पळताहेत. यांनी माझा दंड धरला आणि मला ओढत नेलं, आणि मी मागे वळून बघत होते, तर आमचं घर तिरकं झालेलं. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

शाळेच्या दारात मी कोसळले.

जमिनीवर पडून वर बघितलं तर शाळेचं छप्परही हलत होतं. तेव्हा मला कळलं. छप्पर हलतंय आणि पोरं त्याच्याखाली शांत उभी आहेत. डोंगर जागेवर होता. हलत होते ती मी.

ओल्या माणसांच्या श्वासाचा आवाज येत होता तेवढाच. मी डोळे मिटून घेतले. शिव्या येतील म्हणून वाट बघत होते, आणि त्याहून वाईट एक विचार आला: उद्या खरंच हलला आणि कोणी थाळी वाजवली, तर हे लोक पळतील का? की म्हणतील, असेल कोणीतरी म्हातारी?

जनाआक्काने माझं डोकं मांडीवर घेतलं. "नागीण कमी पडली म्हणून डोंगर आणलास काय गो?" ती म्हणाली. मागे कोणीतरी हसलं, मग दुसरं हसलं. ज्याने म्हातारीला पाठीवरून आणलं होतं तो गडी खाली वाकून म्हणाला, "काकी, वाजवलीस ते बरं केलंस. परत वाटलं तर परत वाजव. आमी परत पळू."

या आजारपणात मला पुष्कळ औषधं मिळाली. त्या एका वाक्याने जेवढा जीव थाऱ्यावर आला, तेवढा त्यांतल्या कशाने आला नाही.

पडद्याआड

जीपने महाडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतली पाकिटं मागवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती घेत होता?" या वेळी खरं सांगितलं.

त्यांनी दोन्ही पाकिटं माझ्यापुढे धरली. चकचकीत आणि साधं. "आजी, आत नसेचं औषध एकच आहे. ताकदही तेवढीच. तुम्ही रोज दुप्पट घेतलीत. या वयात, त्यात तुमची मूत्रपिंडं जरा मंद. पडून कंबर मोडली असती. झोपेतून उठला नसतात."

सलाईन लागलं. दवाखान्यात दिवस नसतात, फक्त पाळ्या असतात. चहाची पाळी, सिस्टरची पाळी, झाडूची पाळी, डॉक्टरची पाळी. आमचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. खाली सावित्रीचं पाणी किती चढलं यावर सगळे बोलायचे, कारण महाडचा माणूस पाऊस लागला की आधी नदीचं विचारतो, मग तुमच्या प्रकृतीचं. शेजारच्या खाटेवर दासगावची एक बाई पाय मोडून पडली होती. तिची सून रोज डब्यातून सुक्या जवळ्याची चटणी आणायची आणि सिस्टरची पाठ वळली की बोटभर माझ्या भातावर ठेवायची. देव तिचं भलं करो. दवाखान्याच्या भाताला दुसरा उपाय नाही.

गोळी एकदम बंद करता येत नाही म्हणून हळूहळू खाली आणली. डोकं ताळ्यावर आलं आणि त्याबरोबर दुखणंही परत आलं, सगळंच्या सगळं, माहेरी जाऊन आल्यासारखं ताजंतवानं.

मुलगे आले. खाटेभोवती पडदा होता, आणि पडद्यापलीकडे बोललेलं ऐकू येत नाही असं त्यांना वाटत होतं.

"आईला मी नेतो," विलास म्हणाला.

"आणि बाबा?"

"ते तुझ्याकडं."

"बाबा दिव्याला राहतील? खिडकीतून खाली बघून चक्कर येते त्यांना."

"मग काय करायचं सांग ना! दुप्पट गोळ्या खाते ती, कोणाला पत्ता नाय. उद्या मेली असती तर?"

विलासचा आवाज चिरकला. तो माझ्यावर रागावला नव्हता, घाबरला होता. आपणच पाठवलेल्या गोळ्यांनी आई मरत होती, असं त्याच्या मनात बसलं होतं. मी चादर तोंडावर ओढून घेतली. वाटणी झाली होती. फक्त गाडी यायची बाकी होती.

मेडिकलवाली

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी खालच्या मेडिकलमध्ये बाकावर बसले. काउंटरवर एक बाई होती, तिशीतली, बिरवाडीची. मी तिला म्हटलं, "मला काहीच घ्यायचं नाय. फक्त सांग, एकच औषध, तर एक महाग नि एक स्वस्त का? स्वस्तातून काय काढून घेतात?"

ती हसली. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बाहेर येऊन बाजूला बसली.

"काय काढत नाहीत, आजी. उलट महागात घालतात. हे बघा, तुमच्या लाल-पांढऱ्यात नसेच्या औषधाबरोबर जीवनसत्त्व मिसळलंय. त्याचे पैसे वेगळे. मग कंपनीचं नाव मोठं. तिची माणसं गाडीने डॉक्टरांकडे फिरतात, त्याचे पैसे कोण देतं? मग पाकीट चकचकीत."

"म्हणजे मी पाकीट खाल्लं."

"थोडंसं. आणि एक असते हळूहळू विरघळणारी, दिवसातून एकदा घ्यायची. ती बनवायला खर्च येतो, म्हणून महाग. ती मात्र मोडून अर्धी करायची नाही, सगळी एकदम सुटते."

मोडून अर्धी करायचा विचारही माझा झाला होता, हे तिला कशाला सांगा?

तिने पाकीट माझ्या डोळ्यांजवळ धरलं. मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव, आणि त्याच्याजवळ मुंगीएवढ्या अक्षरांत औषधाचं खरं नाव, पुढे ताकदीचा आकडा. "हे बारीक वाचायचं. नाव तेच आणि आकडा तोच, तर गोळी तीच. किंमत बघून ताकद ठरवायची नाही. आणि रंग बदलला, पाकीट बदललं, तर घेण्याआधी मला नाहीतर डॉक्टरांना विचारायचं. स्वस्त मिळालं तरी विचारायचं."

"आणि एकदम वर्षाच्या देऊन टाक. सारखी एसटी कोण करील?"

"नाही देता येत. या गोळ्या चिठ्ठीवरच्या. चिठ्ठीत जेवढ्या, तेवढ्याच."

खरी महागाई तिथेच आहे. वाडीपासून महाडपर्यंतचं भाडं, यांचं भाडं, डॉक्टरांची फी आणि बुडालेला दिवस, हे पाकिटावर कुठे छापलेलं नसतं. मी तशीच परत वर गेले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं बोलून दाखवलं. लाज वाटली, पण बोलले. त्यांनी मिसळणीची गोळी काढून साधी लिहिली, औषधाच्या खऱ्या नावाने, आणि तब्येत बघून जेवढ्या दिवसांची देता आली तेवढी दिली. "आधीच का नाही सांगितलंत, परवडत नाही म्हणून?" त्यांनी विचारलं.

बायांनो, हे लक्षात ठेवा. डॉक्टर आपल्या पाठीवरचं बघतात, आपल्या खिशातलं त्यांना दिसत नाही. ते आपण तोंडाने सांगायचं असतं.

गणपतीत

गणपतीला दोघं मुलगे बायका-पोरांसह आले. विसर्जन झालं की न्यायचं, हे ठरलेलं. सुनांनी माझी दोन लुगडी धुऊन घडी घातली होती. मोदक वळताना मला कळत नव्हतं, की मी या घरातला शेवटचा मोदक वळतेय की काय.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी विलास म्हणाला, "आई, चल आता."

मी सरळ बोलले. दुप्पट का खाल्ल्या ते सांगितलं. स्वस्त गोळी कमी ताकदीची वाटली, आणि लवकर बरं व्हायचं होतं, कारण मला बाबांपासून वेगळं राहायची भीती वाटते. एवढं वाक्य बोलायला मला अख्खं आजारपण लागलं. थोरली सून आत निघून गेली, डोळे पुसत.

"पण परत तसंच केलंस तर?" विलास म्हणाला.

कोपऱ्यात बसलेले हे उठले. वाटलं, काही ऐकलं नसेल, तंबाखू शोधत असतील. ते फळीपाशी गेले, गोळ्यांची पाकिटं उचलली आणि बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

"आजपासून गोळ्या माझ्याकडं," ते म्हणाले. "सकाळी एक, सांजची एक. मी देईन. ती भांडेल, पण मला ऐकू येत नाय."

विलास म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. पण एकदा जरी चुकलं ना, तर दोघांना घेऊन जाणार. मग कोण कुठं ते आमी ठरवू."

सांज

मुलं गेली. घर मोकळं झालं. दोन-चार दिवस बरे गेले आणि एका संध्याकाळी दुखणं उसळून आलं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, आणि माझ्या बरगडीखाली कोणी निखारा फुंकत होतं. यांनी सांजची गोळी दिली होती. ती पोटात गेली आणि काही झालं नाही.

"अवो, आणखी एक द्या."

"नाय."

"एकच. कोणाला कळणार नाय."

"नाय गो."

मी रडले. मग शिव्या दिल्या. यांच्या आईला दिल्या, ज्या माझ्याशी फार चांगल्या वागल्या होत्या. लग्न ठरवणाऱ्या मामाला दिल्या. यांनी खिशातून पाकीट काढून उजव्या हाताच्या मुठीत धरलं, मूठ मांडीवर ठेवली आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले. मी त्यांची बोटं उकलायला गेले. सत्तरी उलटलेल्या बाईने पंचाहत्तरीच्या माणसाची बोटं उकलायची! जमलं नाही. मग त्याच मुठीवर कपाळ टेकून पडून राहिले.

हळूहळू ते उतरलं. सगळं नाही. श्वास घेता येईल इतकं. बाहेर गुरं परत येत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या तेव्हा समजलं, की आता दुखण्याशिवाय दुसरंही काही ऐकू येतंय.

यांनी मूठ उघडली. पाकीट पार चुरगळलं होतं, घामाने ओलं झालं होतं. बोटं सरळ होत नव्हती, मी एकेक धरून सरळ केली.

"कसे एवढे घट्ट बसलात?" मी विचारलं. "माझी दया नाय आली?"

ते पाकीट बंडीला पुसत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

"आणखी एकदा मागितली असतीस ना," ते म्हणाले, "तर दिली असती गो मी."